नाव न घेणारे पुरसोबाब

पुरसोबाब सापाला साप म्हणत नसत. त्यात नवल नाही. आमच्या पेडणे-डिचोलीकडे निम्मी माणसं अजून ‘लांबडा’ नाहीतर ‘जनावर’च म्हणतात. पण पुरसोबाबांची यादी त्याच्या कितीतरी पुढे गेलेली. कोर्ट म्हणजे ‘थंय’, नुसतं तिथे. कर्करोग म्हणजे ‘तां’, नुसतं ते. करखात्याची माणसं म्हणजे ‘पणजेकार’. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला तर ते आवाज खाली आणून सांगत, “बाय गो, मशिनीत कोण तरी इलोहा.” पहिल्यांदा मी हे ऐकलं तेव्हा हसता हसता अर्धा कप चहा कीबोर्डवर सांडला होता.

“नांव घेतलां की तेका वाटता, आपणाक बोलावलां,” असं त्यांचं म्हणणं. “मगे तो इलो तर तेची काय चूक?”

मी तेव्हा हसायची. आता हसत नाही. पण ते पुढे येईलच.

पुरुषोत्तम परब हे त्यांचं पूर्ण नाव, पण पेडण्यापासून डिचोलीपर्यंत सगळ्यांना ते पुरसोबाब. डिचोलीच्या एका खाणीच्या कचेरीत त्यांनी वीसेक वर्षं कागद केले. खनिज बार्जमधून मुरगावला जायचं, तिथून जहाजात चढायचं, आणि त्या प्रत्येक जहाजाचा कागद पुरसोबाबांच्या हातून जायचा. जहाजाचं नाव ते पेन्सिलीने लिहायचे. जहाज बंदर सोडून गेल्याची खबर वास्कोहून आली की मगच त्याच नावावरून पेन फिरवायचे. साहेबाने एकदा विचारलं, हे काय चाललंय? पुरसोबाब म्हणाले, “सायबा, दर्यात उतरायच्या आदी तेका पक्कां करू नये.” साहेबाने ते चालू दिलं, कारण पुरसोबाबांच्या कागदात कधी चूक निघत नसे. एका अक्षराचीही नाही. खाण बंद झाली, साहेब गेला, बार्ज गेल्या, तेव्हा त्या कचेरीतून घरी नेण्यासारखं त्यांच्याजवळ कागद न चुकल्याचं नाव तेवढंच होतं, आणि ते त्याला फार जपत.

आमच्याकडे ते आले ते फॉर्म भरायला. आमच्याकडे म्हणजे माझ्याकडे आणि नितीनकडे. मी लाटंबार्स्याची, चित्रं काढते. नितीन खानापूरचा, तो संगणकाचं सगळं लिहितो. डिचोलीला एका औषधांच्या दुकानाच्या वरची खोली घेऊन आम्ही दोघं मोबाइलवरचे गेम करत होतो. सरकारी कागद आला की आम्ही दोघंही तो एकमेकांकडे ढकलायचो, म्हणून कोणीतरी पुरसोबाबांचं नाव सुचवलं. ते रोज गावाहून म्हापशावरून दोन बस बदलून यायचे, येताना वाटेत पोदेर, म्हणजे सायकलवरचा पाववाला, भेटला तर तीन गोल उंडे घेऊन यायचे, आणि बसण्याआधी रस्त्याकडचं जनेल, म्हणजे खिडकी, लावून घ्यायचे. शर्टाच्या खिशात दोन पेनं. निळं सरकारसाठी, काळं माणसांसाठी. सरकारी पाकीट फोडायचं असलं की वहाणा काढून उभे राहायचे. ईमेलसुद्धा उभ्यानेच वाचायचे. नितीन म्हणायचा, “बसा की ओ बाब, पडद्यातनं कोण बाहेर येनार हाय काय?” पुरसोबाब त्याच्याकडे असं बघायचे, जणू या मुलाला अजून जग समजायचं आहे.

एकदा आम्ही तिघांचा विमा काढला. वारसाच्या रकान्यात बायकोचं नाव लिहायचं होतं. फॉर्म मी भरत होते, म्हणून विचारलं, “वहिनींचं नाव काय?” पुरसोबाब लाजले. पन्नाशी उलटलेला माणूस कानापर्यंत तांबडा झाला. मग त्यांनी बसच्या तिकिटाच्या मागे काळ्या पेनाने काहीतरी लिहिलं, तिकिटाची घडी घातली आणि मेजावरून माझ्याकडे सरकवली. ‘सुनंदा’. मी मोठ्याने वाचलं तर घाईने म्हणाले, “हळू गो बाय!” दुकानातली माणसं ऐकतील म्हणून नव्हे. सवय. वहिनीही त्यांचं नाव घेत नसत, फोन केला की विचारायच्या, “ते आसत?”

म्हणजे काही नावं ते बोलत नसत पण लिहीत. काही हळू बोलत. एक मात्र असं होतं, की ते बोलणं नाही, लिहिणं नाही, दुसऱ्याने घेतलं तर तिथून उठून जाणं. आणि आम्ही आमच्या गेमला नेमकं तेच दिलं.

गोव्याबाहेरच्या वाचकासाठी सांगते. आमच्या प्रत्येक गावाला एक राखण करणारा असतो. शिवेवर, व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या वळणावर, मोठ्या झाडाखाली त्याची जागा. खांद्यावर घोंगडी, पायात चामड्याच्या वहाणा, हातात घुंगरांची काठी. वाट चुकलेल्याला तो घरी आणून सोडतो आणि उर्मटपणा करणाऱ्याची वाट चुकवतो. वर्षातून एकदा त्याला रोट देतात, विडी देतात, नव्या वहाणा देतात. त्याला म्हणतात देवचार. म्हणतात, म्हणजे म्हणत नाहीत. धनी म्हणतात, जागेवाला म्हणतात, राखणदार म्हणतात, नुसतं ‘तो’ म्हणतात. खरं नाव मीही या लेखात लागेल तेवढंच लिहीन. माझं मला हसू येतं, पण हात अडखळतो, हे खरं.

गेम साधा होता. काजूच्या डोंगरात काळोख पडलाय, तुम्ही वाट चुकलात, आणि दूरवर घुंगरांची काठी वाजतेय. त्या आवाजाच्या रोखाने घर गाठायचं. झाडं, व्हाळ, पायवाटा मी लाटंबार्स्याच्या काढल्या. काठीचा आवाज कसा असेल हे कोणालाच सांगता येईना. पुरसोबाबांनी एक दिवस आपली छत्री घेतली, तिला किल्ल्यांचा जुडगा बांधला आणि लाकडी जिन्यावरून दोनदा खाली-वर केलं. तो आवाज ऐकून नितीनने कानावरचे हेडफोन काढून ठेवले. तोच आवाज आम्ही गेममध्ये घातला. लोकांना गेम आवडला तो त्या आवाजामुळे, असं मला अजून वाटतं.

नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करायची ठरली तेव्हा पुरसोबाबांनी फॉर्म घरी नेला. चार दिवसांनी सही-शिक्का करून आणला, पाठवला. दीड-दोन वर्षांनी प्रमाणपत्र आलं. त्यांनी वहाणा काढल्या, उभ्याने वाचलं, फाइलला लावलं, आणि आम्ही शेव-चिवडा आणून साजरं केलं. मी ते प्रमाणपत्र वाचलं नाही. नितीननेही नाही. पुरसोबाबांनी केलेला कागद तपासायचा, ही कल्पनाच आमच्या डोक्यात आली नव्हती.

मग एका सोमवारी सकाळी लिस्बनहून ईमेल आला.

तिथल्या एका कंपनीने त्याच नावाचा गेम काढला होता. नाव त्यांनी आपल्या देशात नोंदवलं होतं आणि तिथल्या नोंदीच्या आधारावर आणखी बऱ्याच देशांत हक्क मागितला होता, त्यात भारतही होता. त्यांचं म्हणणं, आम्ही त्यांचं नाव चोरलं. आम्ही! काजूच्या डोंगराखाली जन्मलेले आम्ही! मला आधी राग आला, मग खूप हसू आलं, आणि मग नितीनने त्याचा पडदा माझ्याकडे वळवला.

जगाचा नकाशा होता. ज्या देशांत आमचा गेम मिळतो ते देश हिरवे. पोर्तुगाल राखाडी झाला होता. दुसऱ्या दिवशी शेजारचा देश गेला. तिसऱ्या दिवशी दोन. मोबाइलवरच्या ज्या दुकानातून लोक गेम उतरवून घेतात तिथे त्या कंपनीने तक्रार केली होती, आणि एकेका देशाची नोंद दाखवली की त्या त्या देशातून आम्ही नाहीसे होत होतो. रोज सकाळी मी खोलीचं कुलूप उघडायची आणि नकाशा बघायची मला भीती वाटायची. घरी कोणी आजारी असलं की फोन वाजल्यावर वाटते, तशी. भारत हिरवा होता. भारत गेला की संपलं. तीन वर्षांचं काम, आणि पुढच्या गेमसाठी बोलणी चाललेली माणसं, सगळंच.

पणजीच्या वकीलबाई म्हणाल्या, “घाबरू नका, तुमच्याकडे आधीची नोंद आहे ना? प्रमाणपत्र पाठवा.”

पुरसोबाबांनी फाइल काढली. वहाणा काढल्या नाहीत, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. प्रमाणपत्र मेजावर ठेवलं आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. चिन्हाच्या रकान्यात, निळ्या शाईत भरलेल्या फॉर्मवरून जसंच्या तसं छापून आलेलं नाव होतं: राखणदार.

नितीन दोनदा वाचून म्हणाला, “हे दुसऱ्याच कुनाचं आलंय.”

“आमचांच,” पुरसोबाब भिंतीला म्हणाले. “दोनय एकच. सगळ्यांक ठावक आसा.”

“कुनाला ठाऊक आहे ओ? लिस्बनला ठाऊक आहे?”

“चार दीस पेन घेऊन बसलंय. हात पुढे जायना.” मग पुन्हा भिंतीलाच, “माका वाटलां, तोच समजान घेतलो.”

तो म्हणजे सरकार की दुसरा कोणी, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मला त्यांचा भयंकर राग आला होता. त्या रागातही दिसत होतं, की त्यांनी अजून भिंतीकडून तोंड वळवलेलं नाही.

वकीलबाईंनी दुसरी वाट काढली. हे नाव लोकांच्या बोलण्यातलं आहे, पिढ्यानपिढ्या वापरातलं आहे, ते कोणा एकाचं होऊ शकत नाही, असं दाखवायचं. त्यासाठी गावातल्या दहा माणसांची शपथपत्रं हवीत. “सोपं आहे,” त्या म्हणाल्या. त्या मडगावच्या शहरात वाढलेल्या.

मी आणि पुरसोबाब त्यांच्या गावी गेलो. देवळाच्या मंडपात दुपारी पंधरा-वीस माणसं जमली. गोष्टींचा पाऊस पडला! कोणाच्या आजोबांना त्याने घाटीवर वाट दाखवली होती, कोणाची हरवलेली म्हैस दारात आणून उभी केली होती. एका म्हाताऱ्याने वहाणांचा किस्सा सांगितला. नव्या वाहिलेल्या वहाणा वर्षाने झिजलेल्या सापडतात, टाचेकडून, चालणाऱ्या माणसाच्या झिजतात तशा. मी सगळं लिहून घेत होते. ‘तो’, ‘धनी’, ‘म्हातारो’, ‘जागेवालो’. अर्ध्या तासात एकाच्याही तोंडून ते नाव आलं नाही, हे मला शपथपत्र वाचायला घेतल्यावर कळलं.

मी वाचलं, “आम्ही शपथेवर लिहून देतो, की आमच्या गावात देवचार हा शब्द...”

  कोणी वाती वळत होतं, कोणी सुपारी कातरत होतं, ते हात थांबले. पुढ्यातली एक म्हातारी उठली आणि माझ्या हातातला कागद तिने उलटा करून जमिनीवर ठेवला, अक्षरं खाली. “गुरां बांधूक व्हयी,” म्हणून एक गेला. त्याच्यामागून दुसरा. गुरं बांधायची वेळ व्हायला दोन तास होते. जाता जाता तो वहाणांचा किस्सा सांगणारा म्हातारा मला समजुतीने म्हणाला, “बाय, तेच्या बदलाक राखणदार म्हणान लिही. आत्ता दहा सह्यो करतो.”

मी पुरसोबाबांकडे पाहिलं. अख्ख्या गावाने त्यांचीच चूक त्यांच्यासमोर पुन्हा केली होती. पण त्यांचं लक्ष नव्हतं. ते शिवेकडे बघत होते.

परतीच्या बसमध्ये त्यांनी मला शेवंतीचं सांगितलं. त्यांची मोठी बहीण. तिचं नाव मात्र त्यांनी स्पष्ट घेतलं.

“मी सात वर्सांचो. दोनपारच्या वेळार जागेकडे खेळी होतो. ती म्हणाली, तुका भंय दिसता. माका राग इलो. मी नांव घेवन आरडलंय.” खिडकीवरचा त्यांचा हात घट्ट झाला. “आठ दिसांनी ती गेली.”

“कशाने?”

“टायफॉइड. डॉक्टरान सांगलेलां. माका ठावक आसा तां, बाय, मी अडाणी न्हय. पण नांव माज्या तोंडातसून गेलेलां.”

 मी म्हटलं, “तुम्ही लहान होता.”  ते पुढे झुकून, इंजिनच्या आवाजात जेमतेम ऐकू येईल असं बोलले, “चेडू घरा इलीहा. सातवो सरलो.”

त्यांची एकुलती एक मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती.

वकीलबाईंनी सांगितलं, “आता एकच माणूस उरतो. ज्याने फॉर्म भरला तो. दोन्ही नावं एकाचीच कशी, हे त्याने सांगायचं. समोरच्यांनी त्याला प्रश्न विचारायची परवानगी घेतलीय. सुनावणी व्हिडिओवर आहे, पणजीलाही यायला नको. नाव उच्चारून सांगावं लागेल, नोंदीवर यावं लागेल.”

पुरसोबाब ‘नाय’ म्हणाले. आरडाओरडा नाही, कारण नाही. “नाय.” नितीनचा तोल गेला. “एक शब्द ओ, बाब! एक शब्द! पोरं रोज ओरडत्यात ते नाव गेममधी, मेलं काय कोन?” पुरसोबाबांनी त्याला रागावायला हवं होतं. त्यांनी जनेल लावलं आणि त्या दिवशीचा टपाल-हिशेब लिहायला बसले.

मी त्यांना आग्रह केला नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. मी केला. नकाशा त्यांच्यासमोर उघडा ठेवायची. काही बोलायची नाही, नुसता उघडा ठेवायची. हे बोलण्यापेक्षा वाईट होतं, आणि मला ते तेव्हाही कळत होतं. मी घाबरले होते, आणि घाबरलेली माणसं दुसऱ्याच्या भीतीला फार कमी किंमत देतात.

आठवड्याने ते प्रमाणपत्र हातात घेऊन माझ्या मेजाशी आले. “ह्या कागदार सही माजी,” म्हणाले. “मी गप रवलंय तर ह्यो कागद खोटो रवतलो. माजो एकय कागद खोटो नाय.” मग त्यांनी खिशातून निळं पेन काढलं, बघितलं, परत ठेवलं. “कधी आसा तां?”

सुनावणी सकाळी साडेअकराला होती. ते नऊलाच आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध. उंडे आणले नव्हते. लॅपटॉप अशा जागी ठेवायला लावला की त्यांच्या पाठीला भिंत येईल. दार लावून घेतलं. नंतर विचार बदलून अर्धं उघडलं. “लावन घेतलां तर तो जातलो खंयसून?” म्हणाले.  नितीनने गुपचूप दाराच्या फटीत खुर्ची सारून ठेवली.

पडद्यावर चौकोन उघडले. नोंदणी खात्याचे साहेब, आमच्या वकीलबाई, समोरच्या कंपनीचा दिल्लीचा वकील, आणि लिस्बनहून त्या कंपनीची मालकीण. माझ्याच वयाची असेल. सावळी, मोठे डोळे, आडनाव आपल्याकडचंच. आजी गोव्याची होती, तिच्याच गोष्टींवरून हा गेम केला, असं तिने इंग्रजीत सांगितलं, आणि ते खोटं वाटत नव्हतं. तिकडे अजून उजाडलं नव्हतं. तिच्या मागची खिडकी काळी होती. ते नाव ती मऊ करून घेत होती, ‘देव्शार’, आणि फार वेळा घेत होती. दर वेळी पुरसोबाब डोळे मिटत. मी त्यांच्या शेजारी कॅमेऱ्याच्या बाहेर बसले होते. 

साहेबांनी हिंदीतून विचारलं, “हा अर्ज तुम्ही भरला?”

“होय सायबा.”

“यात राखणदार लिहिलंय. गेमचं नाव काय आहे?”

“तेचांच.”

“त्याचंच म्हणजे कोणाचं? नाव सांगा.”

पुरसोबाबांनी माझ्याकडे पाहिलं. ‘नको, राहू दे,’ असं म्हणायची ती वेळ होती. माझ्या ओठांवर ते आलं होतं, आणि मी गिळलं.

त्यांनी सांगितलं. पुटपुटले, जेमतेम श्वासाएवढं.

“आवाज येत नाही,” साहेब म्हणाले. “पुन्हा सांगा.”

ते पुन्हा म्हणाले. त्याच क्षणी आमचं इंटरनेट अडखळलं. पडद्यावरचे सगळे चेहरे अर्ध्यात थिजले, आणि परत हलले तेव्हा साहेब कानाला हात लावून सांगत होते, “तुमचा आवाज तुटतोय. मोठ्याने, स्पष्ट बोला.”

पुरसोबाब उभे राहिले. पायातल्या वहाणा त्यांनी पायानेच बाजूला सारल्या. आणि ते ओरडले. “देवचार!” त्या माणसाचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. खालच्या औषधांच्या दुकानात कोणीतरी काहीतरी मागत होतं ते थांबलं. नितीनने दाराकडे बघितलं. मीही बघितलं; खोटं कशाला बोलू? आणि पडद्यावर, हजारो मैलांवर, ती लिस्बनची बाई आपल्या खांद्यावरून मागच्या काळ्या खिडकीकडे वळून बघू लागली. त्यानंतर पुढचा अर्धा तास तिने ते नाव घेतलं नाही. ‘आमचा गेम’ म्हणाली, ‘ते शीर्षक’ म्हणाली, एकदा नुसतं ‘तो’ म्हणाली.

साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं आणि विचारलं, “मग अर्जात हेच नाव का लिहिलं नाही?”

“भंय दिसलां,” पुरसोबाब म्हणाले. त्यांना हिंदी चांगली येत होती, पण त्या वेळी सुचली नाही.

चार महिन्यांनी निकाल लागला. तो शब्द गोव्याच्या लोकांचा आहे, कोणा एकाच्या मालकीचा होऊ शकत नाही, असं त्यात होतं. आमचा नाही, त्यांचाही नाही. भारत हिरवा राहिला. राखाडी झालेल्या देशांत आम्ही आता ‘राखणदार’ या नावाने आहोत, आणि गेम तिथे बरा चालतो. मी फोनवर पुरसोबाबांना निकाल वाचून दाखवला. ते तेव्हा वास्कोत होते. “बरां झालां,” म्हणाले, आणि मी त्यांच्या मुलीचं विचारलं. तिला मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. ते अजून वास्कोतच आहेत. बंदराजवळ खोली घेऊन जहाजवाल्यांचे फॉर्म भरतात. सुनंदावहिनी महिन्यातून दोनदा जाऊन येतात. नातीला त्यांनी फक्त फोनच्या पडद्यावर बघितलंय. घरी का येत नाही विचारलं तर म्हणतात, “माका हंयच बरां.” लोक काहीबाही बोलतात. मला कारण ठाऊक आहे, कारण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते सुनावणीच्याच दुपारी.

सुनावणी संपल्यावर ते आम्हाला न सांगता जिना उतरून गेले होते. त्यांची पिशवी राहिली म्हणून मी मागोमाग धावले. डिचोलीच्या स्टँडवर म्हापशाची बस लागली होती, रोजची, त्यांच्या घरच्या वाटेची. तीत ते नव्हते. पलीकडे वास्कोच्या सरकारी बसमध्ये मला त्यांचा पांढरा शर्ट दिसला. मी पायरीवर चढून पिशवी आत दिली.

“बाब, इकडे कुठे? घरी जायचं नाही?”

“घरा नाय.” त्यांचा चेहरा कोरा झाला होता, तापातून उठलेल्या माणसासारखा. “थंय चेडू आसा. मी खंय जातलंय तो थंयच येतलो. तेका घरा कसो व्हरू? लांब घेवन जातंय.” त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. “घरा सांग, काम पडलां म्हणान.”

मी काहीतरी म्हणणार होते. असं काही नसतं, असंच काहीतरी. शिकलेल्या माणसाने म्हणायचं ते. तेवढ्यात कंडक्टर आला.

“दोन,” पुरसोबाब म्हणाले. “वास्को.”

कंडक्टरने दोन तिकिटं फाडली आणि इकडेतिकडे बघितलं. “दुसरो खंय?”

 पुरसोबाब खिडकीकडे सरकले आणि शेजारची जागा त्यांनी हाताने झाडून साफ केली. कंडक्टरने माझ्याकडे बघितलं, बस निघायला आली होती, आणि मी अजून दारातल्या पायरीवरच उभी होते. मी खाली उतरले आणि बाजूला होऊन वाट दिली.